चंबळच्या दरडीतली राखी पाकोळी

गेल्या तीन हिवाळ्यांत माझ्या टिपणवहीत एकच नोंद वेगवेगळ्या तारखांखाली पुन्हा पुन्हा आली होती : ‘नदीवर लहान तपकिरी पाकोळ्या, दहा-बारा, जात निश्चित नाही.’ दर वेळी पक्षी डोक्यावरून भिरभिरत जायचे, दुर्बीण त्यांच्यावर स्थिरावेपर्यंत वळायचे आणि हाती केवळ तपकिरी रंग उरायचा. निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक असलेले माझे ज्येष्ठ स्नेही, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणतो, त्यांनी ही नोंद वाचली आणि सांगितले की, या पक्ष्यांच्या मागे दुर्बीण घेऊन धावू नका. ते ज्या दरडीत घर करतात त्या दरडीसमोर जाऊन बसा. त्यांच्याच सल्ल्याने जानेवारीतले पाच दिवस आम्ही चंबळसाठी राखून ठेवले.

पहिला दिवस : आग्रा ते बाह

आग्र्याहून आग्नेयेला सुमारे ७० किलोमीटरवर बाह हे तालुक्याचे गाव आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर नंदगावचा घाट लागतो. वाटेत दोन्ही बाजूंना फुललेली मोहरी होती. चंबळ जवळ आली तशी ही पिवळी सपाटी एकाएकी तुटू लागली आणि बीहड सुरू झाले. पावसाच्या पाण्याने शतकानुशतके कापलेल्या मातीच्या घळी, त्यांत बाभळी आणि खुरटी झुडपे, आणि प्रत्येक घळीचे तोंड नदीकडे. या मुलखाची माती सहज कापली जाते आणि कापल्यावर उभी राहते, ही गोष्ट पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली. पुढच्या चार दिवसांत जे जे पाहिले त्याचे मूळ याच गुणात होते.

संध्याकाळी गावाबाहेरच्या विजेच्या तारांवर पन्नासएक पक्षी ओळीने बसलेले दिसले. बहुतेक माळभिंगऱ्या होत्या. त्यांच्यामध्ये काही लहान, आखूड शेपटीचे, निस्तेज तपकिरी पक्षी अंग फुगवून बसले होते. सरांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेलाच त्यांचा पहिला पाठ सुरू झाला. आपल्याकडे पाकोळी हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. देवळांच्या आणि जुन्या वाड्यांच्या आढ्याला घरटी करणारा, कोयत्यासारख्या पंखांचा, कमरेवर पांढरा डाग असलेला पक्षीही पाकोळी आणि नदीकाठच्या दरडीत बीळ खोदणारा हा पक्षीही पाकोळीच. वस्तुतः या दोघांचे नाते फार दूरचे आहे. पहिल्याच्या पायाची चारही बोटे पुढे वळू शकतात, त्यामुळे तो भिंतीला लटकतो, पण तारेवर बसू शकत नाही; दुसरा भिंगऱ्यांच्या कुळातला, त्यामुळे तारेवर आरामात बसतो. तारेवर बसला आहे, एवढ्याच गोष्टीने निम्मा घोळ मिटतो, असे सर म्हणाले. त्यात पाणभिंगरी हे नाव भिंगरीचे नसलेल्या, वाळूच्या बेटांवर अंडी घालणाऱ्या तिसऱ्याच पक्ष्याला मिळाले आहे. म्हणून या लेखात पाकोळी म्हणजे भिंगऱ्यांच्या कुळातली, दरडीत बीळ करणारी लहान पाकोळी, एवढाच अर्थ धरावा.

अशा पाकोळ्या भारतात प्रामुख्याने तीन दिसतात आणि तिघींची गणना रिपारिया या एकाच प्रजातीत होते. हे नाव लॅटिनमधल्या ‘रीपा’ म्हणजे नदीकाठ या शब्दावरून आले आहे. पहिली राखी कंठाची, रिपारिया चायनेन्सिस, हिचे शास्त्रीय वर्णन जॉन एडवर्ड ग्रे याने १८३० मध्ये केले. दुसरी पट्टेवाली, रिपारिया रिपारिया, लिनियसने १७५८ मध्येच नोंदवलेली. तिसरी फिकट पाकोळी, रिपारिया डायल्यूटा, १८९३ मध्ये वर्णिलेली, पण नंतर कितीतरी वर्षे दुसरीचीच एक उपजात म्हणून पुस्तकांत वावरलेली. पहिलीचीही हीच कथा आहे. ती आफ्रिकेतल्या तपकिरी कंठाच्या पाकोळीचे आशियाई रूप मानली जात असे. तिला स्वतंत्र जातीचा मान अलीकडे मिळाला. त्यामुळे जुनी पुस्तके चाळणाऱ्याला ती निराळ्या शास्त्रीय नावाखाली सापडते.

तारेवरचे ते तपकिरी पक्षी मात्र अंधारून आल्यामुळे त्या दिवशी ओळखता आले नाहीत. मी वहीत पुन्हा तेच वाक्य लिहिले.

दुसरा दिवस : धुके, नाव आणि चुकलेली नोंद

सकाळी दहापर्यंत नदीवर दाट धुके होते. घाटावर शेकोटीभोवती बसून वाट पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नव्हते. धुके उठल्यावर वनविभागाच्या घाटावरून नाव निघाली आणि चंबळचे पाणी प्रथमच नीट दिसले. उत्तरेच्या सपाटीतल्या नद्यांमध्ये इतके स्वच्छ पाणी क्वचितच पाहायला मिळते. महूजवळ उगम पावून सुमारे ९६० किलोमीटर वाहत ही नदी इटाव्याच्या पुढे यमुनेला मिळते. तिचा मोठा पट्टा १९७९ पासून घडियालांसाठी, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरींसाठी, अभयारण्य म्हणून राखलेला आहे आणि तो मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरला आहे. वाळूच्या काठावर सुसरी ऊन खात पडल्या होत्या, पट्टकदंबांचे थवे होते, चक्रवाकांच्या जोड्या होत्या, आणि एका बेटाच्या टोकाशी वीसएक पाणचिरे सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले होते. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. आमचे लक्ष हवेत होते.

पाकोळ्या पाण्यापासून दोन-तीन हातांवर उडत होत्या. माळभिंगरीच्या उडण्यात लांब, गुळगुळीत झोत असतो. या पाकोळ्यांचे उडणे फडफडते, हलके, थोडे फुलपाखरासारखे असते. त्या मध्येच थांबल्यासारख्या होतात, एकदम वळतात आणि किडा टिपून पुन्हा सरळ होतात. नावेजवळून एक पक्षी गेला तेव्हा त्याच्या छातीवर मला गडद पट्टा स्पष्ट दिसला आणि मी उत्साहाने पट्टेवाली पाकोळी अशी नोंद केली. सरांनी काही न बोलता मला त्याच पक्ष्याच्या पुढच्या पाच फेऱ्या पाहायला सांगितल्या. दुसऱ्या फेरीत पट्टा फिकट झाला, तिसरीत नाहीसा झाला, चौथीत पुन्हा उमटला. पक्षी वळताना मान आखडतो, त्या वेळी कंठ आणि छाती यांच्यामध्ये सावलीची घडी पडते. खालच्या पांढऱ्या वाळूवरून परतलेला उजेड पोटाला उजळवतो आणि मधली घडी अधिकच काळी दिसते. खरा पट्टा पक्षी कोणत्याही अंगाने वळला तरी जागचा हलत नाही. मी ती नोंद खोडली. आज मागे वळून पाहताना मला वाटते की, या सहलीत शिकलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच होती. आणि ज्यांनी ज्यांनी एकाच छायाचित्रावरून या पाकोळ्यांची जात ठरवली आहे, त्यांनी ती छायाचित्रे पुन्हा एकदा काढून पाहावीत.

दुपारी बीहडाच्या उंच कड्यांजवळ आणखी एक तपकिरी पाकोळी भेटली. ती आकाराने किंचित मोठी, अंगभर धुरकट काळसर, पोटही जवळजवळ पाठीइतकेच गडद. वळताना तिने शेपूट पसरली की शेपटीत पांढऱ्या ठिपक्यांची ओळ चमकून जाई. ही आपल्या सह्याद्रीत आणि किल्ल्यांच्या तटांवर नेहमी दिसणारी धुरकट पाकोळी. हिचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३२ मध्ये दख्खनमधल्या पक्ष्यांवरून केले होते. ती बीळ खोदत नाही, कपारीत किंवा छज्जाखाली चिखलाची वाटी लिंपते. शेपटीतले ठिपके आणि काळसर पोट ही दोन लक्षणे ध्यानात ठेवली, तर तिची गल्लत दरडीतल्या पाकोळ्यांशी होण्याचे कारण नाही.

परतताना नावाड्याने एका वळणावर नाव हळू केली आणि पलीकडच्या उभ्या दरडीकडे हात केला. त्याच्या बोलीत या साऱ्याच पक्ष्यांना अबाबील म्हणतात. दरडीच्या वरच्या तिसऱ्या भागात काळ्या भोकांची एक वाकडीतिकडी रांग होती आणि मावळतीच्या उजेडात तिच्यासमोर पंधरा-वीस पाकोळ्या घुटमळत होत्या. गेल्या पावसाळ्यापूर्वी इथे दरड नव्हतीच, सपाट उतार होता. पुराने तो कापून नेला आणि हिवाळ्यात हे पक्षी आले, असे त्याने सांगितले.

तिसरा दिवस : दरडीसमोर

ज्या दिवसासाठी हा सारा प्रवास होता तो हा दिवस. दरड होती नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्रवाहाचा मारा सर्वाधिक असतो. आम्ही त्याच काठाने बीहडातून चालत गेलो आणि वळणाच्या अलीकडच्या उंचवट्यावर, दरड तिरपी दिसेल अशा ठिकाणी, बाभळीच्या आडोशाला बसलो. अंतर साठ मीटरच्या आसपास असावे. दरडीच्या माथ्यावर जायचे नाही, हे सरांनी आधीच बजावले होते. बिळे काठापासून आत, माथ्याच्या थोडीच खाली असतात. माणसाच्या वजनाने वरची माती बसली तर आतली कोठडी दबते. समोरच्या वाळूच्या बेटावर उतरणेही योग्य नव्हते, कारण ती सुसरींची ऊन खाण्याची जागा होती.

धुके त्या दिवशी लवकर उठले. दुर्बिणीऐवजी तिपाईवरची मोठी दुर्बीण लावली आणि सरांनी मला पहिला तासभर पक्ष्यांकडे न पाहता केवळ दरडीकडे पाहायला सांगितले. दरड पाण्यापासून पाच-सहा मीटर उंच असेल. खालचा भाग चिकट, भेगाळलेल्या गाळाचा; मधे बारीक, ओलसर, पिवळट वाळूचा थर; वर पुन्हा मुळांनी विणलेली माती. सगळी लहान बिळे त्या मधल्या वाळूच्या थरातच होती. निव्वळ कोरडी वाळू ढासळते, निव्वळ चिकणमाती या पक्ष्याच्या इवल्या चोचीला खोदवत नाही. थोडा गाळ मिसळलेली वाळू तेवढी त्याच्या कामाची. दरड उभीच हवी, म्हणजे साप, मुंगूस आणि कोल्ह्याला चढता येत नाही. आणि ती ताजीच हवी, कारण दोन-तीन वर्षांत तिच्यावर गवत धरते, पाया ढासळून उतार होतो आणि तीच दरड शत्रूंसाठी जिना बनते. नदीने दर पावसाळ्यात काठ कापणे म्हणजे आपल्या दृष्टीने नासधूस. या पक्ष्याचे मात्र सगळे घर त्या कापण्यावर उभे आहे.

त्याच दरडीत इतरांचीही बिळे होती आणि ती वेगळी काढता आल्याशिवाय मोजणी निरर्थक ठरली असती. एका टोकाला चार-पाच मोठी, मुठीएवढी भोके होती. ती दरिया मैनेची, म्हणजे नदीकाठच्या राखी-निळसर मैनेची. तिची वीण उन्हाळ्यात सुरू होते, त्यामुळे जानेवारीत ती ओस होती. एक एकांडे बीळ थोडे खाली होते, त्याच्या उंबऱ्यावर पायांच्या घसटीने पडलेल्या दोन समांतर चरी दिसत होत्या; ते कवड्या धीवराचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खंड्याचे. पाकोळीचे बीळ या सर्वांहून लहान, रुंदीला जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, आणि उंचीपेक्षा रुंदी थोडी अधिक असलेले, आडव्या डोळ्यासारखे. ज्या बिळांखाली दरडीवर ओल्या, गडद वाळूचे ताजे ओघळ होते ती चालू खोदकामाची. ज्यांच्या कडा गुळगुळीत आणि उंबऱ्यावर पांढऱ्या विष्ठेचे ठिपके, ती राहती. ज्यांच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे, ती सोडलेली. मी ६३ लहान बिळे मोजली. त्यांपैकी दिवसभरात पक्षी आत-बाहेर करताना दिसली ती २६.

साडेदहाच्या सुमारास माझ्या समोरच्याच एका बिळाच्या तोंडाशी पक्षी येऊन चिकटला आणि मी प्रथमच त्याला हलत नसताना पूर्ण उजेडात पाहिले. लांबी अकरा-बारा सेंटिमीटर, चिमणीहूनही लहान. पाठ आणि डोके उंदराच्या रंगाचे, मळकट तपकिरी. चोच काळी, इवलीशी, पण तोंडाची फट डोळ्याखालपर्यंत गेलेली. कंठ राखी-तपकिरी, जणू त्यावरून धुराचा हात फिरवला आहे. तो रंग छातीवर कुठेही रेघ न उमटवता फिकट होत होत जातो आणि पोटाशी मळकट पांढरा होतो. गालाचा रंग कुठे संपतो आणि कंठाचा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. तीच तर खूण. पट्टेवाल्या पाकोळीचा कंठ स्वच्छ पांढरा असतो, ती पांढराई कानामागे अर्ध्या कॉलरसारखी वर वळते, आणि तिच्याखाली छातीवर गडद पट्टा ठसठशीत आडवा असतो. शेपटीची खाचही या राखी कंठाच्या पाकोळीची उथळ. माळभिंगरीसारख्या लांब तारा तर नाहीतच. पक्ष्याने मान दोन वेळा वळवली, कंठ दोन्ही बाजूंनी दिसला, पट्टा नव्हता. तीन वर्षांची ती अर्धवट नोंद त्या बिळाच्या तोंडाशी पुरी झाली. मी सरांकडे पाहिले. ते स्वतःच्या वहीत वेळ लिहीत होते.

त्यानंतरचे पाच तास जे पाहिले ते नावापेक्षा कितीतरी मोठे होते. एका अर्धवट बिळातून दर दहा-पंधरा सेकंदांनी वाळूचा फवारा बाहेर येत होता. पक्षी आत चोचीने माती टोकरतो, सुटलेली वाळू पायांनी मागे ढकलतो, आणि मग शेपूट प्रथम बाहेर काढत उलटा सरकत, उरलेली वाळू लोटत उंबऱ्यापर्यंत येतो. त्याच्या कपाळावर ओली वाळू चिकटलेली होती. जोडीतला दुसरा पक्षी बाहेर दरडीला नखांनी धरून, शेपटीचा टेकू देऊन वाट पाहत होता. पहिला उडाला की हा आत. दहा-बारा ग्रॅमचा हा जीव असे अर्धा हात ते कधी हातभर लांब बोगदे खोदतो. बोगदा किंचित वर चढत जातो, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही, आणि शेवटी एक रुंद कोठडी असते. तिच्यात गवताच्या काड्या आणि पिसे अंथरलेली असतात. अंडी दोन ते चार, शुभ्र पांढरी, एकही ठिपका नसलेली. अंधारात राहणाऱ्या अंड्याला रंगाने लपायची गरज नसते. धीवर आणि वेडे राघू हेही बिळात अंडी घालतात, त्यांचीही अंडी अशीच पांढरी. नर-मादी दोघेही उबवतात.

दुपारी एकाने बगळ्याचे पांढरे पीस आणले. बिळाशी येण्याआधी त्याने ते हवेत सोडले. ते गिरक्या घेत खाली निघाले, तो वळून खाली गेला आणि पुन्हा चोचीत धरून वर आला. तेवढ्यात दुसऱ्या जोडीच्या पक्ष्याने त्यावर झडप घातली आणि पुढची दोन-तीन मिनिटे ते एकच पीस तीन पक्ष्यांच्या चोचींतून फिरले. अखेर ते कोणत्या बिळात गेले ते मला नक्की दिसले, कारण मूळ मालकाच्या बिळाच्या डावीकडे दोन बिळे सोडून ते होते. पाकोळ्यांची वस्ती म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणारा वाडा, अशी माझी जी समजूत होती ती तिथे सुटली. त्या शेजारी राहतात, एकमेकांच्या बारीक, खरखरीत ‘चर्र-चर्र’ आवाजावर कान ठेवतात, घार दिसली की सगळ्या एकदम बिळांतून उसळून बाहेर पडतात, पण पीस मात्र ज्याच्या चोचीत जाईल त्याचे.

चौथा दिवस : उत्तरेचे पाहुणे आणि कोसळलेला काठ

पहिल्या संध्याकाळी तारेवर पाहिलेल्या पक्ष्यांचे कोडे अजून शिल्लक होते, म्हणून सकाळी आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. ऊन अंगावर घेत ते पक्षी तिथेच बसले होते. सात पक्ष्यांपैकी पाच राखी कंठाचे निघाले. उरलेल्या दोघांचा कंठ पांढुरका होता आणि छातीवर पट्टा होता, पण तो धुरकट, मधोमध विरलेला, कडा नसलेला. पाठही मातकटपेक्षा राखाडीकडे झुकणारी. ही फिकट पाकोळी, मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणारी. पूर्वी भारतातल्या हिवाळी नोंदींमध्ये अशा सगळ्या पाकोळ्या पट्टेवाल्या म्हणूनच लिहिल्या जात. आता त्यांतल्या पुष्कळशा फिकट असाव्यात असे मानले जाते. पट्टेवाली आणि फिकट या दोघींना उडताना वेगळे करण्याचा दावा मी तरी करणार नाही. तारेवर, उजेडात, समोरून दिसल्याशिवाय वहीत ‘पट्टेवाली किंवा फिकट’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे.

इथे ऋतूचा आधार कितपत घ्यावा, यावर सरांशी माझी बरीच चर्चा झाली. उत्तरेकडून आलेले पाहुणे आपली वीण उन्हाळ्यात तिकडेच उरकतात. राखी कंठाची पाकोळी मात्र इथलीच आणि तिची वीण मुख्यतः हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, जेव्हा नदी खाली गेलेली असते, दरडी उघड्या पडलेल्या असतात आणि पुराची भीती नसते. तेव्हा जानेवारीत दरडीत वाळू उडवणारी पाकोळी राखी कंठाचीच, असा माझा आग्रह होता. सरांनी तो मान्य केला नाही. फिकट पाकोळीची एक उपजात पाकिस्तानात आणि वायव्य भारतातल्या नद्यांच्या काठीही वीण करते. ऋतू संशय कमी करतो, निर्णय देत नाही. निर्णय कंठच देतो, आणि कंठ नीट दिसतो तो बिळाच्या तोंडाशी. त्यांचे म्हणणे मला पटले आणि कालची नोंद अधिक मोलाची वाटली.

याच परिसरातल्या इटाव्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम जिल्हाधिकारी होता. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी त्याचे नाव जोडले गेले. पण पक्षिअभ्यासकांसाठी तो घरटी आणि अंडी यांच्या नोंदी देशभरातून गोळा करणारा माणूस. त्याचा प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. अंडी गोळा करण्याचा तो काळ सरला हे चांगलेच झाले. तरीही कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठे अंडी घालतो याचे आपले पुष्कळसे मूळ ज्ञान त्या पिढीच्या खटपटीतून आले आहे, हे विसरता येत नाही.

दुपारी आम्ही पुन्हा दरडीकडे गेलो. वाटेत एका घळीच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल, ताजे माग नदीपर्यंत गेलेले होते. अभयारण्यात वाळूच्या उपशाला बंदी आहे. तरीही तो होतो, आणि बेटांवरची वाळू गेली की सुसरीची आणि पाणचिऱ्याची अंडी घालायची जागा जाते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दरडीतल्या पाकोळीचा विचार क्वचितच होतो. काठालगतचा तळ उपसला की दरडीचा पाया उघडा पडतो आणि ती अवेळी, वीण चालू असतानाच कोसळते. त्या मागांकडे पाहत सर बराच वेळ उभे राहिले. मलाही काही बोलावेसे वाटले नाही.

आमच्या दरडीशी उपशाचा संबंध होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. नदी स्वतःही काठ पाडते. पण साडेतीनच्या सुमारास, आम्ही बसून अर्धा तास झाला असेल नसेल, दरडीच्या वरच्या टोकाकडून मातीचे बारीक ओघळ सुरू झाले. पाकोळ्या सगळ्या एकदम हवेत उठल्या. मग सुमारे चार मीटर रुंदीचा तुकडा सावकाश पुढे झुकला आणि पाण्यात गेला. आवाज नंतर आला. पाणी काठावर आपटून परतले, गढूळ झाले, आणि त्यात गवताच्या काड्या आणि पांढरी पिसे तरंगताना दिसली. मी कालचा आराखडा काढून पाहिला. त्या तुकड्यात ११ बिळे होती, त्यांतली चार राहती.

पक्षी पंधरा-वीस मिनिटे दरडीसमोर वर-खाली करत राहिले. ज्यांची बिळे शाबूत होती ते एकेक करून आत गेले. उरलेले सात-आठ पक्षी नव्याने उघड्या पडलेल्या, ओल्या, पिवळ्या भिंतीसमोर येऊन, जिथे त्यांचे बीळ असायचे त्या जागेच्या हवेत क्षणभर थांबत होते आणि मागे वळत होते. सूर्य मावळेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

पाचवा दिवस : नव्या भिंतीवर

आग्र्याची गाडी दुपारी होती, म्हणून पहाटेच निघून, धुक्यातच चाचपडत आम्ही उंचवट्यावर पोचलो. साडेनऊपर्यंत समोर पांढऱ्याखेरीज काही नव्हते. फक्त ती खरखरीत ‘चर्र-चर्र’ ऐकू येत होती, कधी डावीकडून, कधी पायांच्या खालून. मग पाण्यावरचे धुके विरळ झाले आणि दरडीचा वरचा भाग आधी दिसू लागला.

कोसळलेल्या जागेची भिंत अजून ओली होती. तिच्या वाळूच्या थरात, जुन्या रांगेच्याच उंचीवर, वाटीसारखे पाच उथळ खळगे होते, जे काल संध्याकाळी निश्चितपणे नव्हते. त्यांतल्या तिघांखाली गडद वाळूचा ओघळ होता. मधल्या खळग्यात एक पक्षी नखांनी लटकून, शेपूट भिंतीला टेकवून खोदत होता. खळगा इतका उथळ की त्याचे डोके आत आणि सगळी पाठ बाहेर. प्रत्येक टोकरीसरशी वाळूचे चार-दोन कण त्याच्या पाठीवरून घरंगळत खाली पाण्यात पडत होते. सरांनी मोठी दुर्बीण माझ्याकडे वळवली. पक्ष्याने मान मागे घेऊन क्षणभर आमच्या दिशेला पाहिले, तेव्हा कंठ दिसला, राखी, पट्ट्यावाचून. मी वेळ लिहिली : ९ वाजून ५२ मिनिटे. तिपाई आवरेपर्यंत शेजारच्या खळग्यातही दुसरा पक्षी येऊन चिकटला होता.